वहिनीच्या गाईची हगवण

आमच्या घरात कुणी आजारी पडलं की मला फोन येतो. मी डॉक्टर नाही. नाशिक रोडला एका सरकारी कचेरीत मी टेबलामागे बसतो आणि तिथल्याच एका कॉलनीत राहतो. पण बी.एस्सी.ला मला जीवशास्त्र होतं, आणि तेवढ्या भांडवलावर पोटातल्या सगळ्या भानगडी मला कळतात अशी माझ्या मोठ्या भावाची पक्की समजूत आहे. कॉलेजात आमच्या टेबलावर एक बेडूक कापला गेला हे खरं. कापला शेजारच्या मुलीने. मी आकृती काढली, आणि तीही तिच्या आकृतीवरून. हे मी भावाला अनेकदा सांगून पाहिलं. त्याला तो माझा विनय वाटतो.

मागच्या दसऱ्यानंतर दोन-चार दिवसांनी सकाळीच त्याचा फोन आला.

"साहेब," तो म्हणाला. मला तो साहेब म्हणतो तेव्हा एक तर काम असतं, नाही तर टोमणा. "पोट लय बिघडलंय."

"तुझं?"

"माझं कशाला बिघडतंय? तुझ्या वहिनीच्या गाईचं. नुसतं पाणी चाललंय."

भाऊ, वहिनी आणि आई मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहतात. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. मळ्यातलं सगळं सगळ्यांचं आहे, गाय तेवढी वहिनीची. निफाडकडे तिच्या माहेरी एक कालवड झाली आणि व्यायल्या व्यायल्या तिची आई दगावली. वहिनी तेव्हा बाळंतपणासाठी माहेरीच होती. एका मांडीवर मुलगी आणि दुसऱ्या हातात कालवडीची बाटली, असं तिचं ते बाळंतपण झालं. पुढे ती सासरी आली आणि कालवड तिकडे कुणाच्याच हातचं खाईना. शेवटी भावाच्या सासऱ्यांनी टेम्पोत घालून तिला इकडे पोचती केली. लाल रंग, कपाळावर पांढरा टिकला. वहिनीखेरीज कुणाला धार काढू देत नाही. मला तर ती पहिल्या दिवसापासून शिंगं दाखवते, आणि माझी सगळ्यात अचूक पारख आमच्या घरात तिनेच केली आहे असं माझी बायको म्हणते.

मी जाताना मेडिकलमधून मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं घ्यायला थांबलो. दुकानदार ओळखीचा.

"मोठं माणूस की लहान?" त्याने विचारलं.

"वय आठ वर्षं."

"मग एक पाकीट लिटरभर पाण्यात, थोडं थोडं पाजा."

"वजन चारशे किलो असेल," मी म्हटलं.

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अख्खा खोका काढून ठेवला.

मळ्यात पोचलो तर गोठ्यात आधीच तीन प्रकारची औषधं तयार होती. आईने डाळिंबाची साल आणि बेलफळाचा गर ठेवला होता. भावाने पशुखाद्याच्या दुकानातून हगवणीची पावडर आणली होती. शेजारच्या मळ्यातल्या काकांनी कोऱ्या चहात कात घालून पाठवला होता. गाय पाठ जराशी कमान करून उभी होती. समोरचा लसूणघास तसाच पडला होता. मागे भिंतीवर आणि जमिनीवर पातळ, काळपट पाण्याचे शिंतोडे उडाले होते.

"काल पोटावर सारखी लाथ मारीत होती," वहिनी म्हणाली. "उठ-बस, उठ-बस. मग आपोआप गप झाली."

"म्हणजे पोटातला वात गेला," भाऊ म्हणाला. "आता फक्त हगवण राहिली. ती बांधली की झालं. काय साहेब?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी विचारपूर्वक मान हलवली. कचेरीत मी हेच करतो आणि मला त्याचाच पगार मिळतो.

"उष्णता हाय," आई म्हणाली. "आंबोण जास्त झालं असंल. दे ते साल-पाणी, दे."

मग भावाने मान वर धरली, वहिनीने बाटलीने पाजलं, आणि मी खोका हातात धरून लांब उभा राहिलो. तिन्ही औषधं पोटात गेली. माझी पाकिटंही गेली. सगळ्यांचं म्हणणं एकच: काहीही करून हे थांबलं पाहिजे.

आणि ते थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या ग्रुपवर भावाने गोठ्याचा फोटो टाकला. स्वच्छ कोरडी फरशी. खाली लिहिलं होतं, 'आईच्या औषधाने फरक पडला.' पुण्याच्या भाचीने टाळ्या टाकल्या. माझ्या बायकोने हात जोडले. मीही अंगठा दाखवला.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. वहिनी मला सहसा फोन करत नाही. मला काही सांगायचं असेल तर ती भावाला सांगते आणि भाऊ त्यात स्वतःचं घालून मला सांगतो.

"भाऊजी, थांबलं नाय हो ते," ती म्हणाली. "संपलं."

"म्हणजे?"

"कालपासून शेणाची पोही नाय. मघाशी जोर केला तर बोटभर शेंबडासारखं पडलं नुसतं, त्यात रक्ताची रेघ. रवंथ नाय. उजवीकडून पोट फुगलंय. आणि भाऊजी, ती माझ्याकडं बघंना झालीय."

शेवटचं वाक्य तिने फार हळू म्हटलं. मी कचेरीतल्या साहेबांना 'घरात पेशंट आहे' एवढं सांगून निघालो आणि रिक्षातूनच भावाला फोन करून गुरांच्या डॉक्टरांना बोलवायला लावलं. एवढी एक गोष्ट त्या आठवड्यात मी वेळेवर केली. तीही वहिनीने सुचवली होती.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई निघाल्या. स्कूटरवरून आल्या, गमबूट चढवले आणि कुणाशी बोलायच्या आधी गाईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मग खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा घालून त्यांनी आत हात घातला. बराच वेळ त्या छताकडे बघत आत चाचपत होत्या. आई तोंडावर पदर घेऊन उभी.

"आत शेण नाही," हात बाहेर काढून त्या म्हणाल्या. हातमोज्याला चिकट, लालसर बुळबुळीत काहीतरी लागलं होतं. "पुढे आतडी फुगलेली लागताहेत. हगवण कधी थांबली?"

"सकाळी, मॅडम," भाऊ जरा अभिमानाने म्हणाला. "आम्हीच थांबवली."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"दादा, ही हगवण नव्हती. आत रस्ता बंद झालाय. घट्ट असेल ते अडथळ्याच्या मागे अडकून राहतं. पातळ असेल तेवढं फटीतून झिरपतं, आणि आतड्याला सूज येते तिचंही पाणी, बुळबुळ त्यात येते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं जुलाब होताहेत. तुम्ही राहिलेली फटही बुजवत होतात."

मला तिथल्या तिथे आमच्या एकूण कुटुंबाला लागू पडेल अशी एक उपमा सुचली, पण मी ती गिळली.

"काय खाल्लंय तिने?" डॉक्टरांनी विचारलं. "प्लॅस्टिक? दोरी? गोणपाट?"

"छे छे," भाऊ म्हणाला. "बाहेर सोडतच नाय आपण. कडबा, घास, पेंड. नेहमीचंच."

"आणखी काही?"

"काही म्हंजे काही नाय."

"देवाची फुलं," आई म्हणाली. "पण ते काय खाणं नव्हं."

हे मला नीट सांगायला हवं, कारण फुलवाल्याच्या घरात न वाढलेल्या माणसाला ते पटणार नाही. आमच्याकडे उरलेलं फूल उकिरड्यावर टाकत नाहीत. देवासाठी लावलेलं, देवासाठी तोडलेलं, ते कुणाच्या पायाखाली यायला नको. एक तर नदीत सोडायचं, नाही तर गाईच्या मुखी घालायचं. नदीत टाकायला आता मनाई आहे आणि ते बरंच आहे. राहिली गाय. त्या दसऱ्याला झेंडू इतका आला होता की दुपारी फुलबाजाराबाहेर लोक ढिगाऱ्यांवरून चालत होते. भाऊ अर्धी पिकअप तशीच भरून घेऊन परत आला. आईने सांजेला एकेक माळ हातात घेऊन, कपाळाला लावून गाईपुढे ठेवली. गाईने आवडीने खाल्ली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मी त्याचा व्हिडिओ काढला होता.

"माळेतून काढून दिली फुलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढायची कशाला?" आई म्हणाली. "माळच दिली. अखंड."

"दोरा कसला वापरता?"

आता भाऊ खाली बघायला लागला. आमच्या माळा तुटत नाहीत म्हणून बाजारात आमचं नाव आहे. पूर्वी आई सुती दोऱ्यात ओवायची. गिऱ्हाईक तक्रार करायचं, ट्रकला बांधली की घोटीपर्यंत टिकत नाही. मग भावाने नायलॉनचा दोरा आणला. 'गाडी बदलाल पण माळ बदलावी लागायची नाय,' असं तो गिऱ्हाइकाला सांगतो.

"नायलॉनचा," तो म्हणाला.

"आणि हे दसऱ्यालाच केलं, की नेहमी करता?"

"गणपती, नवरात्र," आईचा आवाज खाली आला. "उरलं की देतोच."

"पोट उघडावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "आजच. आणखी थांबलो तर आतडं सडायला लागेल, मग मी काही करू शकणार नाही. उघडूनही वाचेलच असं मी म्हणत नाही. न उघडता वाचणार नाही, एवढं नक्की सांगते."

"नाय," आई म्हणाली. "गाईच्या अंगाला सुरी लावायची नाय. या घरात नाय. मरण यायचं तर तिचं तिला येऊ दे."

भावाने माझ्याकडे बघितलं. बी.एस्सी. झालेल्या माणसाने अशा वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सोनोग्राफी करून बघावी का?"

"भाऊजी, तुम्ही गप बसा जरा," वहिनी म्हणाली. लग्न होऊन ती आमच्या घरी आली त्यानंतर माझ्याशी ती असं पहिल्यांदाच बोलली, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

ती गाईच्या मानेवर हात ठेवून उभी होती. आईकडे वळून ती म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या डोळ्याचं आप्रेशन झालं तवा तुम्ही देवाला कौल नव्हता लावला."

"माझ्या डोळ्याला शिंगं नव्हती," आई म्हणाली. "मी माणूस. ती गाय हाय."

"मलापण कापलं. दोन्ही लेकरांच्या टायमाला कापलं. तवा कुणी म्हणलं नाय, की बाईच्या अंगाला सुरी लावायची नाय म्हणून. सही करून मोकळे झाले सगळे. मी वाचले, लेकरं वाचली. मग हिलाच का मरू द्यायचं?"

चपला सरकवत आई घरात निघून गेली.

"करा मॅडम," वहिनी म्हणाली. "गाय माझी हाय."

डॉक्टरांनी आपल्या मदतनिसाला बोलावून घेतलं. अंगणात उजेड होता म्हणून गाय तिथे आणली. खाली ताडपत्री, बाजूला गरम पाण्याच्या बादल्या. गाईचं ऑपरेशन उभ्यानेच करतात हे मला तेव्हा कळलं. कुशीवरचे केस भादरले, ओळीने सुया टोचून तो भाग बधिर केला. ती हलू नये म्हणून भावाने दोन्ही बाजूंनी लाकडी खोडा लावला. मला शेपूट धरायला दिलं. "घट्ट धरा, जखमेवर उडवू देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. मला इतकी स्पष्ट जबाबदारी कचेरीत कधी मिळालेली नाही.

डोकं धरायला वहिनी उभी राहणार होती, पण बादल्या, कपडे द्यायलाही तीच हवी होती. तेवढ्यात आई बाहेर आली. पदर खोचलेला. तिने वहिनीच्या हातातून दावं घेतलं.

"मी धरते," ती म्हणाली. "पण तिकडं बघणार नाय." आणि गाईच्या कपाळाला स्वतःचं कपाळ टेकवून ती पाठमोरी उभी राहिली.

मी मात्र बघितलं. बेडकाच्या वेळी चुकलेलं सगळं एकदम बघितलं. डॉक्टरांनी हात आत घालून आतड्याचा एक वेढा हळूच बाहेर काढला. एका बाजूला ते सायकलच्या ट्यूबसारखं तटतटून फुगलेलं, दुसऱ्या बाजूला रिकामं, चपटं. मध्ये मुठीएवढी गाठ, आणि तिच्यावरचं आतडं जांभळाच्या रंगाचं झालेलं. त्यांनी गाठीच्या जरा पुढे, चांगल्या भागावर छेद दिला आणि चिमट्याने ओढायला लागल्या. दोरा येत राहिला. हिरवट, कुजकट वासाचा, गुंता झालेला, त्यात केस आणि कडब्याची पात पिळून बसलेली. एका ठिकाणी झेंडूचा देठ अजून ओवलेला होता.

"आमचीच गाठ हाय," भाऊ पुटपुटला. दोऱ्याला शेवटी मारतो ती त्याच्या हातची गाठ त्याने ओळखली.

"आता थांबायचं," डॉक्टर म्हणाल्या. छेद शिवून झाल्यावर त्यांनी त्या जांभळ्या भागावर कोमट सलाइनमध्ये भिजवलेला कपडा ठेवला. "रंग परत आला तर रक्त फिरतंय. नाही आला तर तेवढा तुकडा कापून जोडायला लागेल. मग आशा कमी."

कपड्यावर कपडा बदलत होत्या. वहिनी शेजारी वाकून बघत होती. मी शेपूट इतकं घट्ट धरलं होतं, की बोटांना मुंग्या आल्या. जांभळं तसंच. जांभळं तसंच. मग एका कडेने, भिंतीवर ओल चढावी तशी, लाली चढायला लागली.

"आला का?" आईने न वळता विचारलं.

"येतोय आजी," डॉक्टर म्हणाल्या.

पोट शिवून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की पहिल्या मोठ्या पोटात आणखी दोरा असेलच, तो ती बरी झाल्यावर बघू, आज ती फार थकली आहे. खाली पडलेल्या गुंत्याकडे कुणीच बघत नव्हतं. भावाने तो फावड्याने उचलला आणि मळ्याच्या टोकाला जाऊन खड्ड्यात पुरला. "उद्यापर्यंत शेण पडायला हवं," जाताना डॉक्टर म्हणाल्या. "पडलं की मला कळवा. तोवर कुणी काही पाजायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जायच्या आधी मी मळ्यात गेलो. आदल्या दिवसापासून ग्रुपवर एकच प्रश्न चालू होता: 'आलं का?' पुण्याहून, नाशिक रोडहून, निफाडहून वहिनीच्या वडिलांकडून. इतक्या माणसांनी इतक्या ठिकाणांहून एका शेणाची वाट बघितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वहिनी गोठ्यात पाटावर बसली होती. तिचा अवतार बघून कळत होतं, की ती तिथून हललेली नाही. गाय उभी होती, कान पाडून. आई दाराशी. भाऊ उगाच झाडत होता.

"नाय अजून," वहिनी म्हणाली.

मी जखम बघायला म्हणून मागच्या बाजूला गेलो. मला जखमेतलं काही कळत नाही, पण आलोच आहे तर बघावं. तेवढ्यात गाईने पाठीची कमान केली, शेपूट वर घेतलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी, माझी इस्त्रीची पँट, मागची भिंत आणि भावाचा झाडू असे सगळे एकदम त्यात आलो. काळं, पातळ, वासाने डोळ्यांत पाणी आणणारं.

"परत जुलाब लागले!" भाऊ ओरडला आणि झाडू टाकून घराकडे पळाला. "आई, कात कुठं ठिवला?"

"थांबा हो!" वहिनी उठून त्याच्या आडवी गेली. "काय पाजायचं नाय! मॅडमला फोन लावा आधी."

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, लय पातळ झालंय हो. परवाच्यापेक्षा वाईट."

"भरपूर आहे का?" पलीकडून आवाज आला.

"भिंत, झाडू आणि आमचे साहेब. एवढ्याला पुरलं."

डॉक्टर मोठ्याने हसल्या. "मग छान झालं, दादा. आत तुंबलेलं सगळं सुटलंय. एक-दोन दिवस असंच चालेल, चालू द्या. पाणी पाहिजे तेवढं पिऊ दे. आणि यावेळी थांबवू नका."

वहिनी पाटावर परत बसली. पदराने तोंड झाकून ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मी कुणाला विचारायच्या अवस्थेतही नव्हतो. गाईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग नाक पुढे करून तिच्या दंडाला लावलं.

मी भावाच्या लुंगीवर विहिरीकडे निघालो. मागून आईचा आवाज आला, म्हणून थांबून वळून बघितलं. आई हातात लसूणघासाची पेंडी घेऊन उभी होती. आमच्या घरात गाईला काय आणि किती घालायचं, हे आई सांगते, कुणाला विचारत नाही.

"देऊ का गं थोडं?" तिने वहिनीला विचारलं.

वहिनीने तोंड पुसलं. "मूठभर द्या, आत्याबाई. एकदम नका टाकू."

आई गाईसमोर खाली बसली. मांडीवर पेंडी सोडली आणि एकेक काडी उजेडाकडे धरून, दोन्ही बाजूंनी फिरवून बघत, गाईच्या तोंडाशी नेऊ लागली.